पाऊस, साबुदाणा, धुकं आणि वीस मिनिटांचं ऊन: स्नोक्वाल्मीचा शनिवार

कासपठार | रविवार, सकाळी ९:१०

मंडळी, अंग मोडून आलंय, हातमोजे अजून हीटरच्या जाळीवर वाळतायत आणि नवऱ्याशी कालपासून एक वाद चालू आहे. तो इथे मांडते.

आम्ही सिएटलजवळ इसाक्वाला राहतो. स्नोक्वाल्मी पास, म्हणजे स्कीइंगचे उतार असलेली डोंगरातली खिंड, घरापासून गाडीने पाऊण तास. जवळ आहे, रात्री दिव्यांतही स्कीइंग चालू असतं, आणि अडतिसाव्या वर्षी शिकलेल्या माझ्यासारखीला झेपतील असे उतार आहेत. अडचण एकच, पास फक्त ३०२२ फुटांवर आहे. आपलं महाबळेश्वर त्याहून जवळजवळ दीड हजार फूट उंच! त्यामुळे पाऊस की बर्फ हे एकदोन अंशांवर ठरतं.

काल पहाटे अंदाज बघितला तर फ्रीझिंग लेव्हल (ज्या उंचीला हवा शून्य अंशाला पोचते ती) पाच हजार फूट, दुपारपर्यंत अडीच हजारांवर उतरणार. म्हणजे सकाळी नक्की पाऊस, दुपारी बहुतेक बर्फ, मधलं देवाला ठाऊक. नवरा पांघरुणातूनच म्हणाला, "राहू दे." पण तिकिटं आधीच काढलेली, पैसे परत मिळत नाहीत. मी आणि लेक (वय ९) निघालो.

नॉर्थ बेंडलाच वायपर जोरात. पासवर ३५ फॅरनहाइट (शून्य सेल्सियसच्या जेमतेम वर) आणि सरळसरळ पाऊस. पार्किंग अर्धं रिकामं, हे पहिलं सुख. पहिल्या दोन फेऱ्यांत स्की पुढे सरकायलाच तयार नाहीत, सपाटीवर काठ्यांनी वल्हवत गेलो. साडेदहाला वारं फिरलं आणि साबुदाणा पडायला लागला. खरंच साबुदाणा. पांढरा, गोल, जॅकेटवरून टपटप उड्या मारणारा. लेक लिफ्टवर आ वासून बसला होता. अकराला धुकं. इतकं, की लिफ्टचा पुढचा खांब दिसेना, आणि आपण घसरतोय की उभे आहोत तेही कळेना. मला चक्क उभ्या उभ्या गरगरलं आणि जागच्या जागी पडले.

बारा ते पाऊण लॉजमध्ये. सगळ्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. शेजारच्या माणसाने हातमोजा पिळला तर वाटीभर पाणी निघालं. बाहेर आलो तर मोठमोठे संथ कापूस पडतायत. तासाभरात सगळं पांढरं. आणि दोन वाजता, कुणाला न विचारता, ऊन! समोरचं गाय पीक (नाव इंग्रजीत वेगळं लिहितात, पण आमच्या घरात ती गायच) ढगांतून लख्ख बाहेर आलं. वीस मिनिटं. लेक लिफ्टवरून ओरडतोय, "आई, गाय दिसली!" आणि आजूबाजूचे गोरे लोक माझ्याकडे बघतायत.

मग परत ढग. पारा उतरला, सकाळचा चिखल पाट्यासारखा टणक झाला आणि शेवटच्या फेरीत मी खुब्यावर आपटले. आता तिथे जांभळा भारत आहे.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एवढे पैसे मोजून भिजायला गेलात." माझं म्हणणं, डोंगर जवळ असण्याचा फायदाच हा, की कसल्याही दिवशी जाता येतं. अंदाज बघूनच जायचं तर युटाहला जावं ना. तुम्ही कसं ठरवता? आणि हातमोज्यांचं काय करता?

---

पक्या_पुणेकर | रविवार

भर पावसात डोंगरावर जायचं, धुक्यात काही दिसत नाही, चिखलात घसरून आपटायचं, वर भजी नाहीत. हे आम्ही दर जुलैत सिंहगडावर फुकट करतो. (भजी मिळतात.)

---

रानमेवा | रविवार

जांभळा भारत 😄 श्रीलंका पण आहे का खाली?

---

निवांत_नाना | रविवार

कासपठार, तुमच्या बाजूने माझं मत. सिएटलला आलो त्याला आता २४ हिवाळे झाले. पहिली काही वर्षं मी तुमच्या यजमानांसारखा होतो, चांगला दिवस येण्याची वाट बघायचो. वर्षातून तीनदा जाणं व्हायचं, आणि दरवेळी पहिल्यापासून शिकायचो. मग वाट बघणं सोडलं.

फक्त एक सांगतो. स्नोक्वाल्मीसाठी नुसती फ्रीझिंग लेव्हल बघू नका, फसाल. हिवाळ्यात डोंगरांच्या पूर्वेला थंड, जड हवा साचून राहते. समुद्राकडून वादळ जवळ आलं की इकडचा दाब उतरतो आणि ती हवा खिंडीतून पश्चिमेला ओढली जाते. घराची पुढची-मागची दारं उघडल्यावर झोत येतो ना, तसं. म्हणून कधीकधी आकाशात बरंच वरपर्यंत ऊबदार असतं आणि पासवर मात्र थंडी. अशा वेळी खाली बर्फ आणि माथ्यावर पाऊस, असला उलटा संसार मी पाहिलाय. थंड थर पातळ असला तर वरून पाणी येतं आणि टेकेल तिथे गोठतं. गॉगलवर, झिपवर, खुर्चीवर. जॅकेट पाकातल्या चिरोट्यासारखं कुरकुरतं. तुमचा साबुदाणा त्यापुढे मेजवानी.

वारं पूर्वेचं आहे तोवर थंडी टिकते, पश्चिमेचं झालं की समुद्राची हवा आत शिरते. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरच्या साइटवर पासच्या वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान आणि वारा तासातासाला दिसतो. निघण्याआधी मी तेवढं बघतो. टीव्हीवरचा अंदाज सिएटलचा असतो, डोंगराचा नाही.

हातमोजे: मच्छीमार वापरतात तसले रबरी, आत लोकरीचे पातळ. दिसायला भयाण. दिवसभर कोरडे. आणि जॅकेटवर कचऱ्याची मोठी काळी पिशवी, डोक्याला आणि हातांना भोकं पाडून. लिफ्टच्या ओल्या खुर्चीवर बसताना तिची किंमत कळते.

---

कोरडी_हवा | रविवार

(डेन्व्हरहून) कचऱ्याची पिशवी? 😳 आमच्याकडे लव्हलँड या स्कीइंगच्या ठिकाणाचा पायथाच साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. जानेवारीत पाऊस हा शब्दच नाही. बर्फ फुंकर मारली की उडतो. तुमच्याकडच्या बर्फाला लोक 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात ते उगाच नाही.

---

निवांत_नाना | रविवार

@कोरडी_हवा, बरोबर आहे. पण शनिवारी सकाळी तुमच्या आय-७० महामार्गावर ब्रेकवर पाय ठेवून किती तास काढता, तेही लिहा. ह. घ्या.

---

कोरडी_हवा | रविवार

त्या विषयावर मी बोलत नाही.

---

टेलीमार्क | सोमवार

स्की चिकटत होत्या त्याबद्दल. घसरताना बर्फ आणि स्कीच्या तळामध्ये पाण्याचा अगदी पातळ थर असतो, तो हवाच. ओल्या बर्फात तो जाड होतो आणि काचेवर ओली काच ठेवल्यासारखा तळ धरून ठेवतो. उपाय दोन. एक, गरम हवेसाठीचं मेण लावा (बहुतेक कंपन्यांत ते पिवळं असतं, थंडीसाठीचं निळं किंवा हिरवं). दोन, दुकानात सांगून तळावर बारीक रेघा काढून घ्या, पाण्याला वाट मिळते. पूर्वी फ्लोरिनवालं मेण यावर रामबाण होतं, पण ती रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्यावर पूर्ण बंदी आहे. आपल्यासारख्यांनी त्याच्या नादी लागू नये.

धुक्यात गरगरलं ते अगदी नेहमीचं. डोळ्यांना धरायला काही नसलं की कानाच्या आतला तोल आणि डोळे यांचं जमत नाही. मोकळ्या मैदानातून न जाता झाडांच्या कडेने उतरा. काळे बुंधे दिसत राहिले की डोकं ठिकाणावर राहतं. गॉगलची काचही पिवळी किंवा गुलाबी लावा, काळी नको. आणि गॉगल कपाळावर चढवू नका! डोक्याची वाफ आत जाते आणि मग दिवसभर धुकं आतच.

---

झिम्मा | सोमवार

सगळे 'जा जा' म्हणतायत म्हणून मुद्दाम लिहिते.

तीन वर्षांपूर्वी असाच दिवस होता. सकाळी पाऊस, दुपारी पाच-सहा इंच ओला, जड बर्फ. पाय थकले होते. मैत्रीण म्हणाली, एक शेवटची. वळताना डावी स्की त्या सिमेंटमध्ये रुतली. मी अगदी हळू पडले, इतकी हळू की बाइंडिंगला (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याला) स्की सोडायची गरजच वाटली नसावी. मी पुढे गेले, गुडघा मागे राहिला. पटकन आवाज आला, तो अजून आठवतो. लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया, नऊ महिने व्यायाम, आणि त्यात मुलगी दोन वर्षांची, तिला कडेवर घेता येत नव्हतं.

कासपठार, तुम्ही लिहिलंय, 'शेवटच्या फेरीत खुब्यावर आपटले'. हसत लिहिलंय, पण मी ते वाक्य दोनदा वाचलं. बदलत्या हवेत बर्फ दिवसातून चार वेळा बदलतो आणि आपले पाय दर तासाला कमी होत जातात. सकाळच्या चिखलासाठी जी वळणं बरोबर असतात ती चार वाजता गोठलेल्या पन्हाळ्यांवर चालत नाहीत.

मी अजून जाते. पण आमच्या घरात 'शेवटची फेरी' हा शब्द बंद आहे. ज्याला पहिल्यांदा 'एक शेवटची' म्हणावंसं वाटतं, त्याने तिथेच बूट काढायचे.

---

कासपठार | सोमवार

@झिम्मा, बापरे. वाचून पोटात गोळा आला. लेक दमला होता हे मला दिसत होतं, मीच म्हटलं होतं 'एक शेवटची'. हे नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि तो इथे वाचत असतो, म्हणजे आता कळलंच.

---

पक्या_पुणेकर | सोमवार

वहिनी, जांभळ्या भारताला हळद लावा.

---

हिमगंध | मंगळवार

हा धागा बघून गुलमर्ग आठवलं. नाशिकहून दोन आठवड्यांच्या कोर्सला गेले होते. तिथे हवामानाबद्दल आमचं मत कुणी विचारलंच नाही. पहिले काही दिवस लिफ्ट नाहीच. जड बूट घालून, आडवी पावलं टाकत उतार चढायचा, चढता चढता पायांनीच बर्फ दाबून वाट तयार करायची आणि मग अर्ध्या मिनिटात खाली यायचं. परत चढायचं. चौथ्या दिवशी पांढरं वादळ, समोरच्याची पाठ दिसेना. आम्हाला वाटलं आज सुट्टी. उस्ताद म्हणाले, "आजच तर शिकायचंय." पायाच्या तळव्याने बर्फ वाचायला मी त्या दिवशी शिकले. कुठे मऊ, कुठे निसरडं, ते डोळ्यांआधी अंगठ्याला कळतं.

गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा आफरवट शिखराकडे जातो, जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत. वारा सुटला की तो बंद. कित्येक पर्यटक तीन तीन दिवस रांगेत उभे राहून कोंगडोरीवरून, म्हणजे पहिल्या टप्प्यावरूनच, परत जाताना पाहिले.

आणि बर्फाची खात्री तिथेही उरलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे तपकिरी उतार सगळ्यांनी पाहिले असतील. खेलो इंडियाचे हिवाळी सामनेही फेब्रुवारीत बर्फ पडल्यावरच झाले. तिथल्या घोडेवाल्यांचं आणि स्लेजवाल्यांचं अख्खं वर्ष त्या दोन महिन्यांवर चालतं. आपण पावसाला नाकं मुरडतो तेव्हा ते आठवतं.

---

अडाणी_आंबा | मंगळवार

एक बाळबोध प्रश्न. तुमच्या तिकडे म्हणे एवढा बर्फ. एवढा म्हणजे किती? महाबळेश्वराशी तुलना करून सांगा, मला तेवढंच कळतं.

---

टेलीमार्क | मंगळवार

आवडला प्रश्न. उत्तरेला माउंट बेकर स्की एरिया आहे. तिथे १९९८-९९ च्या हंगामात ११४० इंच बर्फ पडला, एका हंगामातला जागतिक विक्रम. म्हणजे ९५ फूट. ढोबळ हिशोबात १० इंच बर्फ वितळून १ इंच पाणी होतं, म्हणजे ११४ इंच पाणी, साधारण २९०० मिमी. आमचा बर्फ ओला, म्हणून सात इंचांना एक धरला तरी चार हजार मिमीच्या थोडं वर. महाबळेश्वरला सरासरी पावसाळ्यातच पाच हजारांच्या पुढे पडतो.

---

अडाणी_आंबा | मंगळवार

म्हणजे जागतिक विक्रम महाबळेश्वरच्या साध्या पावसाळ्यापुढे कमी! छाती फुगली.

---

पक्या_पुणेकर | मंगळवार

आणि तो गोठला असता तर? महाबळेश्वरला १६०-१७० फूट बर्फ! पंचगंगा मंदिराच्या कळसावरून स्कीइंग सुरू, ते थेट वाईत मेणवली घाटावर. तिकिटाच्या खिडकीवर 'दुपारी १ ते ४ बंद'.

---

रानमेवा | बुधवार

तुम्ही सगळे मूळ विषय सोडून गेलात: खायला काय नेता? लॉजमधल्या बर्गरच्या किमतीत इथे आठवड्याचा भाजीपाला येतो. आमचं ठरलेलं म्हणजे तूप लावून गुंडाळलेली थालीपिठं, ती जॅकेटच्या आतल्या खिशात. लिफ्टवर बसून खायची, कोमट असतात. मोठ्या थर्मासमध्ये मेतकूट घातलेला मऊ भात. गोठलेल्या बोटांनी खाल्लेल्या मऊ भाताची चव वेगळीच असते.

एकदा लोणच्याची बरणी गाडीत फुटली. गाडी विकली तेव्हाही वास होता.

---

कोरडी_हवा | बुधवार

थालीपीठ आतल्या खिशात 👏 हे मात्र आम्ही कोलोरॅडोवाले उचलणार. पिशवी नाही.

---

चुकलेला_वासरू | बुधवार

नवीन आहे इकडे, डिसेंबरातच आलो. मुलगी शाळेबरोबर शिकतेय, त्या पाय आत वळवून थांबण्याला 'पिझ्झा' म्हणतात. (आमची आजी व्हिडिओ बघून म्हणाली, "हा तर समोसा.") माझा प्रश्न रस्त्याचा. पासच्या पाटीवर 'ट्रॅक्शन टायर्स' वगैरे लिहितात ते नक्की काय? माझ्या गाडीची चारही चाकं चालतात, मग साखळ्या लागतात का?

---

निवांत_नाना | बुधवार

@चुकलेला_वासरू, तुमचं आयडी मस्त आहे, इथे गाय आहेच.

ट्रॅक्शन टायर म्हणजे बर्फावर पकड धरणारे टायर. पुढे 'अ‍ॅडव्हाइज्ड' लिहिलं असेल तर सल्ला, 'रिक्वायर्ड' असेल तर सक्ती. 'चेन्स रिक्वायर्ड' लागलं तर बाकीच्यांना चाकांवर साखळ्या चढवाव्या लागतात. चारही चाकं चालणाऱ्या गाडीला योग्य टायर असतील तर चढवण्यातून सूट असते, पण साखळ्या गाडीत हव्यातच. पोलिस विचारू शकतात, आणि दंडाच्या पैशात त्या दोनदा विकत येतील.

विकत आणून डिकीत ठेवू नका. घरी, कोरड्यात, उजेडात एकदा बांधून बघा. मी पहिल्यांदा रस्त्याच्या कडेला, रात्री, पावसात आणि बर्फात, तोंडात टॉर्च धरून बांधल्या होत्या. पाऊण तास लागला. बायको खिडकीतून सूचनापत्रक वाचून दाखवत होती. तीस वर्षांच्या संसारात तेवढा अबोला कधी झाला नाही.

---

झिम्मा | गुरुवार

@निवांत_नाना 😂

मूळ प्रश्नाकडे: कासपठार, मी 'जाऊ नका' म्हणत नाहीये हं. लेकाला ती गाय दिसली, ते मला पटलंय. फक्त तुम्ही अडीच वाजता घरी निघाला असतात तरी ती दिसलेलीच होती.

---

टेलीमार्क | गुरुवार

झिम्माताईंना अनुमोदन. एक भर घालतो: खराब दिवशी तास कमी, फेऱ्या सोप्या. काळ्या चौकटीच्या (अवघड) उतारावर धुक्यात मर्दुमकी दाखवू नये. गेल्या वर्षी मी अल्पेंटलला (माथा साधारण आपल्या कळसूबाईएवढा उंच) ती दाखवली आणि गस्तीवाल्यांच्या स्लेजमधून खाली आलो. काही मोडलं नव्हतं. अपमान तेवढा झाला.

---

कासपठार | पुढचा रविवार

परत आले. सगळ्यांचे आभार. रबरी हातमोजे घेतले, पिवळी काच घेतली, थालीपिठं खिशात घातली.

नवऱ्याने हा अख्खा धागा वाचला ('शेवटच्या फेरी'वरून बोलून झालं). काल अंदाज एकदम स्वच्छ होता: ऊन, वारा नाही, तीस फॅरनहाइट. म्हणून तोही आला.

सगळं सिएटल आलं होतं. सव्वाआठलाच पार्किंग भरलेलं, लांब कुठेतरी गाडी लावून बूट घालून चालत गेलो. लिफ्टला चाळीस मिनिटांची रांग. आठवडाभर वितळून गोठलेला बर्फ, वर लोकांनी घासून घासून आरसा केलेला. नवरा तीनदा पडला. पावसाला शिव्या घालायची सोय नव्हती, म्हणून गप्प होता. रबरी मोज्यांत माझ्या हातांना घाम. एक वाजता बूट काढले, झिम्माताई.

गाय सकाळपासून समोर उभी होती, अगदी शेपटीपर्यंत स्पष्ट. लेकाने दिवसभरात एकदाही तिकडे बघितलं नाही. मी दाखवली तर म्हणाला, "हो, आहे ना."

---

पक्या_पुणेकर | पुढचा रविवार

गाय रोज दारात आली की कुणी बघत नाही. (पाऊस काय म्हणतोय?)

---

निवांत_नाना | पुढचा सोमवार

येत्या शनिवारी फ्रीझिंग लेव्हल सकाळी साडेचार हजार, दुपारनंतर तीनच्या खाली. वारं आधी पूर्वेचं, मग फिरणार. मी निघतोय. वाटेत दुकानात थांबणार आहे, कासपठार, तुमच्यासाठी काळ्या पिशव्या घेऊ का? दोनच ना?

---

कासपठार | पुढचा सोमवार

तीन.